अंगणातल्या जुन्या कोब्यावर डेक टाकायचाय? आधी तो एक पावसाळा नीट बघून घ्या

इन्स्टाग्राम उघडलं की अशी रील हमखास समोर येते. पहिल्या सेकंदाला तडे गेलेला, शेवाळानं काळा पडलेला सिमेंटचा जुना कोबा. मग गाणं सुरू होतं, चार माणसं फळ्या घेऊन येतात आणि तिसाव्या सेकंदाला तिथं चकचकीत लाकडी डेक तयार. दोन खुर्च्या, चार कुंड्या, चहाचे कप.

या सगळ्यात खालचा कोबा गेला कुठं?

तो कुठंच गेलेला नसतो. तडे तसेच असतात, उतार चुकलेला असेल तर तोही तसाच असतो. फरक एवढाच, की आता तो कुणाला दिसत नाही. आणि नंदुरबार जिल्ह्यासारख्या ठिकाणी न दिसणारा कोबा घराच्या पायापर्यंत त्रास पोहोचवू शकतो.

म्हणूनच डेकच्या कामात फळ्या बसवणं हा सोपा भाग आहे. खरं काम त्याआधीचं. ते काय असतं, ते समजून घेऊ.

डेकमुळे नेमकं बदलतं काय?

डेक म्हणजे जमिनीपासून थोडा उचललेला फळ्यांचा ओटा. शेतातल्या मचाणाचा ठेंगणा भाऊ म्हटलं तरी चालेल. खाली लाकडाच्या किंवा लोखंडाच्या आडव्या पट्ट्या, त्यावर फळ्या आणि फळ्यांच्या मधे पाच-सहा मिलिमीटरची फट.

या फटीतून पाऊस खाली जातो. म्हणजे डेक हे छप्पर नव्हे. कोब्यावर आधी जेवढं पाणी पडत होतं, जवळपास तेवढंच नंतरही पडतं.

पण उघड्या कोब्याला तीन गोष्टी मिळत होत्या. ऊन, वारा आणि रोजची केरसुणी. पाऊस थांबला की उन्हानं कोबा तासाभरात सुकायचा. कोपऱ्यात साचलेलं पाणी कुणीतरी झाडून नालीत लोटायचं.

डेक टाकला की ऊन बंद, वारा कमी आणि केरसुणी तर पोहोचतच नाही. तासाभरात सुकणारं डबकं मग आठवडाभर तसंच राहू शकतं.

नंदुरबारकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या मिरचीच्या पथाऱ्या प्रसिद्ध आहेत. ओली लाल मिरची उघड्या मैदानावर पसरून वाळवली जाते. वरून लालभडक दिसणारी मिरची वेळेवर हलवली नाही, की खालच्या बाजूनं खराब व्हायला लागते. अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्यांची तारांबळ उडते, ती यामुळेच. हवा न लागलेली ओल नुकसान करते, मग माल मिरचीचा असो नाहीतर लाकडाचा.

नंदुरबारमध्ये जास्त काळजी का घ्यायची?

१ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. उत्तरेला नर्मदा, मधे सातपुडा, दक्षिणेकडे तापीचं खोरं. धडगाव, अक्कलकुवा आणि नवापूरच्या डोंगराळ भागात पाऊस जास्त, शहादा आणि नंदुरबारच्या सपाटीला तुलनेनं कमी.

पण कमी पाऊस म्हणजे कमी धोका असं नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि कधीकधी एका रात्रीत कोसळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापुरात रंगावली नदीला आलेला पूर लोक अजून विसरलेले नाहीत. उन्हाळ्यात मात्र पारा चाळिशीच्या वर.

दुसरी गोष्ट माती. तापीकाठी शहादा, तळोदा, नंदुरबारच्या पट्ट्यात काळी कसदार जमीन आहे. कापूस, ऊस, केळीसाठी उत्तम, पण बांधकामासाठी डोकेदुखी. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणानं.

हेच तुमच्या अंगणाखालीही चालू असतं. पावसाळ्यात माती कोबा उचलते, उन्हाळ्यात आधार काढून घेते. कोबा मधूनच तडकतो, कडेला खचतो आणि बऱ्याचदा घराच्या भिंतीपासून सुटतो.

भिंत आणि कोबा यांच्यातली ही फट सगळ्यात महत्त्वाची. तिच्यातून जाणारं पाणी थेट पायाशेजारच्या मातीत उतरतं. एका बाजूची माती फुगलेली, दुसऱ्या बाजूची कोरडी, असं झालं की पायावर ताण येतो आणि घराच्या भिंतीला तिरका तडा जाऊ शकतो. डेक टाकल्यावर ही फट कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

एका पावसात किती पाणी येतं?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमा होतं.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार. समजा, एका दिवसात १०० मिलिमीटर पडला. २० फूट बाय १५ फुटांचं अंगण म्हणजे ३०० चौरस फूट, साधारण २८ चौरस मीटर. त्यावर पडलं २,८०० लिटर पाणी. म्हणजे दोनशे लिटरचे १४ ड्रम.

आता घराच्या पत्र्याचा ५०० चौरस फुटांचा उतार त्याच अंगणाकडे असेल, तर त्याचं आणखी साडेचार हजार लिटरहून जास्त. एकूण ३७ ड्रम.

एवढं पाणी डेकखालून कुठं जाणार, याचं उत्तर फळ्या विकत घेण्याआधी मिळालं पाहिजे. पत्र्याला पन्हाळ नसेल तर पहिला खर्च पन्हाळीवर करा. पागोळ्यांचं पाणी पाइपानं थेट नालीत गेलं, की अर्ध्याहून जास्त भार तिथंच कमी होतो.

कोबा कसा तपासायचा?

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पाऊस, खडू आणि हातोडी पुरे.

*पहिलं काम, डबकी शोधा.* चांगला पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं अंगणात या. जिथं पाणी साचलंय त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारा. तासाभरानं पुन्हा बघा. जे डबकं तेव्हाही जिवंत आहे, तिथं ऑइलपेंटनं कायमची खूण करा. पावसाळा नसेल तर नळी लावून कोबा पूर्ण भिजवायचा आणि हेच करायचं.

*दुसरं, उतार मोजा.* गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो. त्यात पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते, म्हणून जमिनीतला फरक लगेच कळतो. फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको. घरापासून बाहेरच्या बाजूला दर १० फुटांना सव्वा ते दीड इंच उतार असावा. उतार घराकडेच असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत डेकचा विषय बंद.

*तिसरं, कोबा ठोकून बघा.* हातोडीनं फूट-फूट अंतरावर हलके ठोके द्या. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, बदबद आवाज आला तर वरचा थर सुटलाय किंवा खालची माती बसलीय. अशा जागेवर डेकचा पाया टेकवायचा नाही.

*चौथं, तडे वाचा.* केसासारखे, जाळीदार, वरवरचे तडे असतील तर ते बहुधा सिमेंट सुकताना पडलेले. फारसं घाबरायचं कारण नाही. पण तड्याची एक बाजू वर आणि एक खाली असेल तर कोबा खचलाय, हे नक्की.

काळ्या मातीत आणखी एक परीक्षा लागते. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेनानं खुणा करा, मधलं अंतर मोजा आणि तारीख लिहून ठेवा. एकदा मे महिन्याच्या शेवटी, एकदा सप्टेंबरमध्ये. अंतर बदललं तर तडा जिवंत आहे, म्हणजे दरवर्षी उघडतो आणि मिटतो. अंतर तेच राहिलं तर तडा थांबलेला आहे.

हा फरक कळण्यासाठीच एक पावसाळा थांबायचं. कारण दोघांची दुरुस्ती वेगळी.

दुरुस्ती करताना गडबड कुठं होते?

थांबलेला तडा छन्नीनं इंग्रजी व्ही आकारात थोडा उघडायचा, ब्रशनं धूळ काढायची, पाणी मारायचं आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालानं दाबून भरायचा.

जिवंत तड्यात मात्र सिमेंट भरून उपयोग नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा फुटणार. तिथं रबरासारखं ताणलं जाणारं पीयू सीलंट भरायचं. भिंत आणि कोब्याच्या मधल्या फटीलाही हेच.

डबक्याच्या जागी नुसता अर्ध्या इंचाचा सिमेंटचा थर ओढून देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. जुन्या, गुळगुळीत, धुळकट कोब्यावर हा थर धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. आधी शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडायचं, पृष्ठभाग टोचे मारून खडबडीत करायचा, धुवायचा, मग बाँडिंगचा द्रव लावून त्यावर नवा माल टाकायचा.

आणि पाणी मारणं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगतं. हवा कोरडी आणि गरम असेल तर १० दिवस, आणि पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर अशा हवेत १४ दिवस. दुकानात सहज मिळणारी गोणी बऱ्याचदा पीपीसीचीच असते. नंदुरबारच्या मे महिन्यात सकाळी टाकलेला माल दुपारपर्यंत वरून वाळून जातो. ओली गोणपाटं टाकून ठेवली नाहीत तर दुरुस्तीच तडकते.

उंबरठ्याचं गणित

ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात फळ्या आल्यावर येते.

फळी एक इंच, खालची पट्टी दोन इंच, तिच्याखालचं रबर किंवा प्लॅस्टिकचं बूड अर्धा इंच. झाले साडेतीन इंच. डेकचा वरचा भाग दाराच्या उंबरठ्यापेक्षा निदान दोन इंच खाली हवा, नाहीतर वाऱ्याबरोबरचा पाऊस उडून घरात येतो. म्हणजे घराजवळ कोबा ते उंबरठा यात साडेपाच इंच तरी अंतर लागतं.

जुन्या घरांत कोब्यावर कोबा चढत गेलेला असतो. अंतर तीन-चार इंचच उरलेलं असेल तर दोनच मार्ग. जुना थर फोडायचा, नाहीतर डेक दारापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला करायचा.

खालच्या पट्ट्यांची दिशाही आत्ताच ठरवायची. पट्ट्या उताराच्या दिशेनंच टाकायच्या. आडव्या टाकल्या तर प्रत्येक पट्टी छोटा बांध बनते आणि पाणी तिथंच अडतं. त्या थेट कोब्यावर टेकवायच्याही नाहीत. उंची जुळवायला लाकडाचे तुकडे नकोत, प्लॅस्टिकची बुडं किंवा पेडेस्टल वापरायची. लाकूड ओल्या कोब्यापासून जेवढं सुटं, तेवढं ते टिकणार.

वाळवी, डास आणि साप

सातपुड्याचा साग प्रसिद्ध आहे. सागाला वाळवी लागत नाही, असंही सर्रास म्हटलं जातं. ते अर्धं खरं आहे. सागाचा आतला गडद गाभा टिकाऊ असतो, बाहेरचा फिकट भाग नाही. स्वस्तात मिळालेल्या फळीत हा फिकट भाग किती, ते बघूनच घ्या. सागवान अधिकृत वखारीतूनच घ्यायचं आणि बिल जपून ठेवायचं, कारण सागाच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वन खात्याचे नियम आहेत.

वाळवी मातीतून तड्यांवाटे वर येते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील तर ती आलेलीच आहे. बांधून झालेल्या इमारतींसाठी आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यानुसार भिंत आणि जमिनीच्या सांध्याला साधारण फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात आणि भोकं बुजवतात. डेक बसल्यावर ही जागा हाताला लागत नाही, म्हणून हे काम आधीच उरकायचं. अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर ते परवानाधारक माणसाला आधी सांगायचं. हे औषध पिण्याच्या पाण्यात उतरलं तर वाळवीपेक्षा मोठं संकट.

डासांचं गणित आणखी साधं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. डेकखालचं पाणी आठवडाभर टिकत असेल, तर खुर्च्यांच्या बरोबर खाली पैदास केंद्र तयार.

आणि साप. अंधार, गारवा, उंदीर जिथं असतील तिथं नाग, मण्यार, घोणस येऊ शकतात. कोब्यातली उंदरांची बिळं आधी बुजवा. डेकच्या कडा फळ्यांनी बंद करायच्या नाहीत, वारा अडतो. तिथं पाच-सहा मिलिमीटर भोकांची तारेची जाळी लावायची. वारा जातो, उंदीर जात नाही. एक-दोन फळ्या स्क्रू काढून उचलता येतील अशा ठेवल्या तर वर्षातून दोनदा खाली बघता आणि झाडता येतं.

अंगणात आधीपासून कोण राहतं, ते बघा

जुन्या अंगणात बरंच काही असतं. सेप्टिक टँकचं झाकण, मोरीच्या पाण्याचा चेंबर, नळाचा कॉक, जमिनीखालची टाकी. प्रत्येकावर डेकमध्ये उघडणारं झाकण हवं. सेप्टिक टँकचा हवा जाणारा पाइप डेकखाली कोंडायचा नाही, तो वर उंच न्यायचा. काम सुरू करण्याआधी या सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भिंतीपासूनचं अंतर टेपनं मोजून. पाच वर्षांनी पाइप फुटला तर हाच नकाशा कामाला येतो.

तुळशी वृंदावन असेल तर त्याच्याभोवती दोन इंच जागा मोकळी सोडा. तिथं रोज पाणी घातलं जातं, ते खाली झिरपतं. त्याला नालीकडे जाणारी छोटी वाट करून द्यायची.

आणि एक प्रश्न घरातल्या बायकांना विचारायचा. पापड-कुरडया, मिरची, डाळी कुठं वाळवणार? मसाला कुठं कुटणार? मोटारसायकल कुठं लावणार? फळ्यांच्या फटीत धान्य जातं, कुटण्याचे दणके डेक सोसत नाही. म्हणून अंगणाचा एक भाग, शक्यतो दुपारी ऊन येणारा, कोबाच राहू द्यावा. डेक पूर्ण अंगणभर हवाच असं कुठं लिहिलंय?

कामाचं वेळापत्रक

नंदुरबारच्या हवेचा विचार केला तर क्रम साधारण असा बसतो.

मे महिन्याच्या शेवटी तडे मोजून तारीख लिहायची. जुलै-ऑगस्टमध्ये डबक्यांवर खुणा. सप्टेंबरमध्ये तडे पुन्हा मोजायचे. नोव्हेंबर ते जानेवारीत दुरुस्ती आणि उतार, कारण हवा थंड असते आणि पाणी मारणं सोपं जातं. मग पन्हाळ, नाली आणि वाळवीचं औषध. फेब्रुवारीत फळ्या.

फळ्या प्लॅस्टिक आणि लाकडाच्या भुशाच्या, म्हणजे डब्ल्यूपीसीच्या असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. उन्हात त्या लांबीला वाढतात, म्हणून टोकांना कंपनी सांगते तेवढी फट सोडायचीच. आणि गडद रंग घेतला तर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेवता येणार नाही.

डेक टाकूच नये, असं कधी?

कोब्याचे तुकडे पडलेत, ठोकल्यावर बहुतेक जागी पोकळ आवाज येतोय, उतार घराकडे आहे आणि भिंतीलाही तिरके तडे आहेत, असं सगळं एकत्र दिसलं तर डेकचे पैसे आधी कोबा फोडायला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायला वापरावेत. नवा कोबा घराबाहेर उतार देऊन केला आणि पाणी पायापासून लांब नेलं, तर घर वाचतं. शोषखड्डाही भिंतीला खेटून नको. काळी माती पाणी हळू पिते आणि फुगते, हे विसरायचं नाही.

बाकी कोबा टणक असेल, तडे थांबलेले असतील आणि पाणी साचत नसेल, तर खुशाल डेक टाका. पहिल्या जोरदार पावसानंतर दोन दिवसांनी उचलता येणारी फळी काढून मोबाइलच्या टॉर्चनं खाली बघा. कोबा कोरडा दिसला तर काम नीट झालंय.